जपानी उंबरठा

आमचा धाकटा पुतण्या पुढल्या महिन्यांत नोकरीनिमित्त ओसाका येथें जावयाचा असल्यामुळें सध्यां आमच्या घरांत जपानखेरीज दुसरा विषय निघत नाहीं. स्वयंपाकघरांत भाजणी व मेतकूट यांचे डबे भरले जात आहेत, गच्चीवर लोकरीचे कपडे उन्हांत पडले आहेत, आणि चिरंजीव स्वतः कानांत यंत्र घालून दिवसभर जपानी वाक्यें पुटपुटत हिंडत आहेत. पुण्यांत जपानी शिकणारीं मुलें आतां दुर्मिळ राहिलीं नाहींत. आमच्या आळींतच अशीं तिघें-चौघें आहेत. जपानी भाषेची जी परीक्षा १९८४ सालापासून घेतली जाते आणि जिला २०१० पासून पांच पायऱ्या आहेत, तिची तिसरी पायरी यानें चढली आहे. पांचवी सर्वांत सोपी व पहिली सर्वांत अवघड, असा तेथला उलटा हिशेब आहे. परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, परीक्षा झाली, पण तिथें गेल्यावर खरें अडतें तें कोठें?"

आम्ही १९९६ ते १९९८ अशीं दोन वर्षें ओकायामा या शहरीं विद्यार्थी म्हणून काढलीं, हें त्याला ठाऊक आहे. त्या रात्रीं त्याला जें उत्तर दिलें तें तुटक झालें. तेंच जरा सविस्तर लिहावें, म्हणून या महिन्याचें हें पान त्या विषयास देत आहों. ज्या घरांतून मुलें-मुली तिकडे निघालीं आहेत त्यांच्या वडील मंडळींसही त्याचा उपयोग होईल.

प्रथम सोपें काय तें सांगतों. इंग्रजी शिकतांना आपल्या मुलांस वाक्याची जी उलथापालथ करावी लागते, ती जपानींत मुळींच करावी लागत नाहीं. कर्ता आधीं, क्रियापद शेवटीं, आणि नामाच्या मागोमाग विभक्तिप्रत्ययासारखा एखादा लहानसा शब्द, हा मराठीचाच थाट तेथें आहे. प्रश्न करावयाचा तर वाक्याच्या शेवटीं 'का' लावावा. समोरच्याची संमति हवी असेल तर 'ने' लावावा, म्हणजे आपला 'ना' झाला. हे योगायोग आहेत, दोन्ही भाषांचें कूळ एक नव्हे. तरी नवख्या मराठी विद्यार्थ्यास परमुलखांत ओळखीचा चेहरा दिसल्याचा आनंद त्यांतून होतो खरा. छाती 'दोकि दोकि' करते, घांसलेलें भांडें 'पिका पिका' चमकतें. धडधड आणि लखलख हे शब्द ज्याच्या जिभेवर लहानपणापासून आहेत, त्याला ही गंमत शिकवावी लागत नाहीं. नकार देण्याची रीतिसुद्धां ओळखीची आहे. 'विचार करून ठेवतों' असें जपानी माणूस म्हणाला कीं तें काम झालें नाहीं असें समजावें. आपल्याकडचें 'बघूं या' ज्याला कळतें त्याला हेंही कळेल.

आणि जो योगायोग नव्हे असाही एक धागा आहे. जपानी मुळाक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो, आणि पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. यांतील 'ह' प्राचीन काळीं 'प' होता असें भाषापंडित सांगतात, आणि 'स' हा आपल्या 'च'च्या जागीं बसलेला आहे. या दोन जागा बदलून वाचून पाहा, म्हणजे आपल्या आजोबांनीं धुळाक्षरांत गिरवून घेतलेली वर्णमालाच समोर उभी राहते. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनाचा हा ठसा आहे. बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु इ. स. ७३६ मध्यें जपानांत पोंचला, आणि ७५२ सालीं नारा येथील महाबुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधि त्याच्याच हातून झाला. पुढें कूकाइ हा जपानी आचार्य ८०४ सालीं चीनला गेला, तेथें एका भारतीय पंडिताजवळ संस्कृत शिकला, आणि 'सिद्धम्' लिपीची विद्या घेऊन ८०६ सालीं परतला. या लिपीचा उल्लेख पुढें पुन्हां येणार आहे, म्हणून ती लक्षांत ठेवावी.

चिनी चित्राक्षरांची भीति सर्वांस वाटते. आम्ही गेलों तेव्हां नित्य व्यवहाराचीं म्हणून सरकारनें ठरविलेलीं अक्षरें १९४५ होतीं. २०१० पासून तीं २१३६ आहेत. एकाच अक्षराचे बहुधा दोन तरी उच्चार, एक चिनी वळणाचा व एक अस्सल जपानी. यांत कष्ट आहेत, पण ते संध्या पाठ करण्याच्या जातीचे कष्ट आहेत. रोज पाटी गिरवावी, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनीं वर्तमानपत्र उलगडतें. अडतें तें येथें नव्हे.

अडतें तें उंबरठ्यावर. जपानी माणसाच्या मनांत जगाचे दोन भाग असतात: 'उचि' म्हणजे आंतलें, आणि 'सोतो' म्हणजे बाहेरचें. 'उचि' याचाच एक अर्थ आपलें घर. ही रेघ केवळ मनांत असती तर गोष्ट वेगळी. ती व्याकरणांत आहे. कोणी आम्हांस कांहीं दिलें तर 'देणें' याला एक क्रियापद, आणि आम्हीं कोणास दिलें तर दुसरें. आमच्या धाकट्या भावास कोणी कांहीं दिलें तरीही पहिलेंच क्रियापद, कारण भाऊ आंतला. म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीं, देणारा कोण आणि घेणारा कोण, आणि आपण कोणत्या बाजूस उभे आहों, हें ठरवावें लागतें.

मानार्थी बोलण्याचेंही असेंच. आपल्या मराठींत आदर माणसाला चिकटलेला असतो. वडील घरांत 'आले', दारांत 'आले', आणि कलेक्टरसाहेबांपुढें त्यांच्याविषयीं बोलावयाचें झालें तरी ते 'आले'च. एखाद्या नातवानें पाहुण्यांपुढें 'आजोबा झोपला आहे' असें म्हटलें तर पाहुणे जाईपर्यंतही कोणी थांबणार नाहीं, तेथेंच त्याचा कान पिळला जाईल. जपानांत नेमकें उलट. घरांत वडिलांस 'ओतोसान' म्हणून आदरानें हांक मारावयाची. पण बाहेरच्या माणसाशीं बोलतांना तेच वडील नुसते 'चिचि' होतात, आणि त्यांच्या क्रियापदाचाही मान उतरतो. आई घरांत 'ओकासान', आणि बाहेर 'हाहा'. आपल्या माणसास परक्यापुढें मान देणें म्हणजे आपणच आपली आरती ओवाळणें, असा त्यांचा समज आहे. पेढीवरील कारकून बाहेरच्या गिऱ्हाइकापुढें आपल्या मालकाचा उल्लेख नुसत्या आडनांवानें करतो, आणि त्या मालकास तो विनय वाटतो.

'चिचि' आणि 'हाहा' हे शब्द वर्गांत प्रथम ऐकले तेव्हां आम्हांस जें हसूं लोटलें तें मराठी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. वडिलांना छीः छीः आणि आईला हा हा! शिक्षिकेनें हसण्याचें कारण विचारलें; तें सांगण्याइतकी जपानी भाषा तेव्हां येत नव्हती हें एका परी बरेंच झालें. नियम मात्र आम्हीं पाठ केला, आणि परीक्षेंत त्याला पूर्ण गुण मिळाले.

ओकायामाला आम्ही एका विधवा बाईंच्या घरीं माडीवरच्या खोलींत भाड्यानें राहात होतों. बाई सत्तरीच्या. १९४५ च्या जून महिन्याच्या २९ तारखेस पहाटे शहरावर बॉम्ब पडले, शहराचा काळा किल्ला जळाला, त्याच रात्रीं यांचें माहेरही जळालें. किल्ला १९६६ मध्यें पुन्हां बांधला गेला. बाई त्याच्याकडे बोट करून म्हणत, "हा माझ्यापेक्षां लहान आहे." किल्ल्यासमोर नदीच्या पलीकडे कोराकुएन ही १७०० सालीं पुरी झालेली बाग आहे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर रचलेलें आहे, तेव्हां पुणेकर वाचकांस तिचें वर्णन नको.

घरांत शिरतांच 'गेंकान' म्हणून खालच्या पातळीवरची एक जागा असते. तेथें पादत्राणें काढून, त्यांचीं टोंकें दाराकडे वळवून ठेवून, पायरी चढून वर यावयाचें. म्हणून 'आंत या' असें न म्हणतां 'वर या' असें म्हणतात. पाहुण्यानें वर येतांना 'ओजामा शिमासु', म्हणजे 'आपणांस अडथळा करतों', असें म्हणावयाचें. पहिल्या दिवशीं बाजार करून आलों आणि मोठ्या सभ्यपणानें तेंच म्हटलें. बाई स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या व म्हणाल्या, "ओएन." हा शब्द आमच्या कोणत्याही पुस्तकांत नव्हता. तो ओकायामाकडच्या बोलींतला आहे, आणि त्याचा अर्थ 'चालायचें नाहीं'. येथें राहणाऱ्यानें 'तादाइमा' म्हणावें, म्हणजे 'हा आतां आलों'. आणि घरच्यानें 'ओकाएरि' म्हणावें, म्हणजे 'आलास का परत'. निघतांना 'इत्ते किमासु' म्हणावें. तें ऐकून आम्ही चकित झालों, कारण त्याचा अक्षरशः अर्थ 'जाऊन येतों' असा आहे. त्यावर घरच्यांचें उत्तर 'इत्ते इराश्शाइ', म्हणजे 'जाऊन ये'. 'जातों म्हणूं नये रे, येतों म्हणावें' हें आमच्या आईचें वाक्य हजारों कोसांवर दुसऱ्या एका स्वयंपाकघरांतून ऐकूं येईल अशी आमची कल्पना नव्हती.

जेवणाचे हाल झाले हें कबूल केलें पाहिजे. जपानी आमटीच्या पोटांत वाळवलेल्या माशाचा अर्क असतो; डोळ्यांस मासा दिसत नाहीं म्हणून पदार्थ शाकाहारी समजूं नये. बाईंनीं चार दिवस आमच्या पानांत उरलेलें पाहिलें आणि पांचव्या दिवसापासून कोंबु नांवाच्या समुद्रवनस्पतीचा अर्क आमच्यासाठीं निराळा काढूं लागल्या. त्यांच्या देवळांतील भिक्षूंचा स्वयंपाक असाच असतो, त्यांना त्यांत नवल वाटलें नाहीं. जेवणापूर्वीं हात जोडून 'इतादाकिमासु', म्हणजे 'हें नम्रपणें स्वीकारतों', असें म्हणतात. चित्राहुति घालणाऱ्या घरांतून गेलेल्या माणसास त्यांत परकें वाटण्यासारखें कांहीं नव्हतें.

आतां स्तुतीविषयीं. दोन शब्द जपानी बोललें कीं दुकानदार, टपालवाला, गाडींत शेजारीं बसलेला गृहस्थ, सर्वजण म्हणतात, "आपली जपानी भाषा किती सफाईदार!" पहिल्या महिन्यांत आम्हांस हें खरें वाटलें. पुढें ध्यानांत आलें कीं, ही स्तुति दारावरच्या रांगोळीसारखी आहे; ती येणाऱ्यासाठीं असते, घरच्यासाठीं कोणी काढीत नाहीं. परदेशी माणसास 'गाइजिन' म्हणतात, आणि त्यांतील पहिल्या अक्षराचा अर्थच 'बाहेरचा'. जसजशी भाषा खरोखर सुधारते तसतशी स्तुति कमी होत जाते आणि लोक चुका दाखवूं लागतात. बाईंनीं दोन वर्षांत आमची एकदांही स्तुति केली नाहीं. "ओएन" मात्र दिवसांतून दहा वेळां ऐकावें लागे.

बाहेरचा माणूस आंत जाऊं शकतो कीं नाहीं, या प्रश्नानें आम्हांस त्या काळीं फार ग्रासलें होतें. ओकायामाहून 'याकुमो' नांवाची आगगाडी डोंगर ओलांडून मात्सुए या गांवीं जाते. तेथें किल्ल्याच्या खंदकाकांठीं लाफ्काडिओ हर्न याचें राहतें घर जपून ठेवलें आहे. तें पाहण्यास आम्ही मुद्दाम गेलों. हा ग्रीक आईचा व आयरिश बापाचा मुलगा १८९० सालीं, चाळिशींत, जपानांत आला, मात्सुएच्या शाळेंत इंग्रजी शिकवूं लागला, आणि सेत्सु नांवाच्या जपानी स्त्रीशीं त्यानें संसार मांडला. १८९६ मध्यें तो जपानी नागरिक झाला आणि बायकोच्या घराण्याचें कोइझुमि हें आडनांव त्यानें घेतलें. असें असूनही जपानी ग्रंथ स्वतः वाचण्याइतकी भाषा त्याला शेवटपर्यंत आली नाहीं. नवराबायको आपसांत एक मोडकी जपानी बोलत; तिला ना प्रत्यय, ना क्रियापदांचीं रूपें. सेत्सुबाई रात्रीं त्याला जुन्या भुताखेतांच्या गोष्टी सांगत, आणि पुस्तकांतून वाचूं नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा हट्ट असे. त्या गोष्टींचें 'क्वाइदान' हें पुस्तक १९०४ सालीं, त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, प्रसिद्ध झालें, आणि आज जपानी मुलेंही तें आपलें म्हणून वाचतात. याच्या उलट डोनल्ड कीन या अमेरिकन पंडिताचें उदाहरण. दुसऱ्या महायुद्धांत तो नौदलाच्या शाळेंत जपानी शिकला, आणि मेलेल्या जपानी शिपायांच्या रोजनिशा वाचणें हें त्याचें काम होतें. सारें आयुष्य त्यानें जपानी साहित्याच्या अध्यापनांत घालविलें, आणि २०११ च्या भूकंपानंतर, २०१२ सालीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं तो जपानचा नागरिक झाला. एक कहाणी ऐकत आंत गेला, दुसरा पोथी वाचत. आमच्याजवळ तेव्हां धड ना कहाणी होती ना पोथी, आणि मात्सुएहून आम्ही जरा खिन्नच परतलों.

१९९७ च्या फेब्रुवारींत एका पहाटे घरून दूरध्वनि आला. आमचे वडील वारले होते.

परदेशी विद्यार्थ्यास तेव्हां देशाबाहेर जावयाचें तर परत येण्याची परवानगी आधीं पासपोर्टावर शिक्क्यानें घ्यावी लागे. (२०१२ पासून वर्षाच्या आंत परतणाऱ्यास ही अट राहिली नाहीं.) त्यासाठीं सकाळीं कचेरी उघडतांच आम्ही खिडकीसमोर उभे राहिलों. आंतील कारकुनानें अदबीनें काम विचारलें. वाक्य अगदीं सोपें होतें. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांतलें. 'चिचि गा नाकुनारिमाशिता.' आमच्या तोंडून तें निघेना. ज्यांना जन्मभर 'तुम्ही' म्हटलें, ज्यांच्यापुढें कधीं पाय पसरून बसलों नाहीं, त्यांचा शेवटचा उल्लेख एका अनोळखी माणसापुढें बिनमानाच्या शब्दानें करावयाचा, हें जिभेस मान्य होईना. आम्ही म्हणालों, "ओतोसान गा ओनाकुनारि नि नारिमाशिता." म्हणजे आम्हीं पूर्ण मान दिला. कारकून क्षणभर गोंधळला आणि त्यानें हळूच विचारलें, "कोणाचे वडील?"

त्याचा यांत कांहींच दोष नव्हता. आमच्या वाक्याचा जपानी भाषेंत सरळ अर्थ 'दुसऱ्या कोणाचे तरी पूज्य वडील निवर्तले' असाच होत होता. "माझे," आम्ही म्हणालों. तो उठून उभा राहिला, वांकला, आणि दुपारपर्यंत सारे कागद त्यानें स्वतः फिरून पुरे केले. पण 'कोणाचे वडील' हा प्रश्न विमानांत सारा वेळ आमच्या कानांत होता. घरीं पोंचलों तो चौथा दिवस. अग्नि वडील बंधूंनीं दिला होता, अस्थिसंचय होऊन गेलें होतें. पुढले दिवस सर्वत्र जातात तसेच गेले.

तेरावा झाल्यावर परतलों. बाईंनीं वाक्याची हकीकत ऐकली. "ओएन" असें त्या म्हणाल्या नाहींत. अस्थींचें आम्हीं काय केलें तें त्यांनीं विचारलें. त्यांच्याकडे दहनानंतर घरचीं माणसें काड्यांनीं अस्थि वेचून कलशांत ठेवतात. दोघांनीं मिळून एक अस्थि उचलावी किंवा एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर द्यावी अशी रीत आहे, आणि म्हणूनच जेवतांना काडीवरून काडीवर घांस देणें तेथें फार अशुभ मानतात. भातांत काड्या उभ्या खोंवणेंही तसेंच, कारण तसा भात मृतासाठीं वाढतात. (आमच्या पुतण्यानें हे दोन नियम परीक्षेहूनही पक्के करावेत.) मग बाईंनीं विचारलें, वडिलांस काय आवडे. चहा, आम्ही सांगितलें. दुधाचा, आलें घातलेला. त्यांच्या घरीं भिंतींत एक देव्हारा होता, त्यांत त्यांच्या यजमानांची तसबीर होती. रोज सकाळीं त्या तेथें पहिला भात ठेवीत आणि लहान घंटा वाजवीत. दुसऱ्या दिवसापासून भाताच्या शेजारीं दुधाच्या चहाची एक लहान वाटी दिसूं लागली. त्यांच्याकडे मृत्यूनंतर एकूणपन्नास दिवस मोजतात. तितके दिवस ती वाटी तेथें होती, आणि चहा आम्हांकडून न करवितां त्या स्वतः करीत, अर्थात् फार वाईट करीत.

ऑगस्टच्या मध्यावर तिकडे 'बोन' असतो. आपल्या पितृपक्षाचाच भाऊ. पितर घरीं येतात आणि तीन-चार दिवसांनीं दिवे दाखवून त्यांची पाठवणी करतात. बाई आम्हांस यजमानांच्या थडग्यावर घेऊन गेल्या. त्यांचें घराणें कूकाइच्या शिंगोन पंथाचें. थडग्यामागें लाकडाच्या उंच अरुंद फळ्या उभ्या होत्या. त्यांना 'सोतोबा' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'स्तूप' शब्दाचाच वंशज आहे. फळीवर काळ्या शाईनें, वरून खालीं, पांच अक्षरें होतीं. बाई म्हणाल्या, हीं कोणालाच वाचतां येत नाहींत, भटजींना विचारावें लागतें. आम्ही जवळ गेलों. वळण निराळें होतें, तरी थोडें थांबल्यावर ओळख पटली: ख, ह, र, व, अ. आकाश, वायु, अग्नि, जल, पृथ्वी. आम्हीं मोठ्यानें वाचलें. बाईंनीं पुन्हां वाचावयास लावलें. नंतर त्यांनीं फळीस हात लावून यजमानांस सांगितलें कीं, ऐकलेंत ना, आज तुमची पाटी वाचणारा आला आहे.

१९९८ च्या मार्चांत पदवीदान झालें. बाई ठेवणींतला काळपट जांभळा किमोनो नेसून समारंभास आल्या. आमचे प्राध्यापक भेटावयास पुढें आले. तोंवर बाई आमच्या नांवापुढें नेहमीं 'सान' लावीत. म्हणजे आपल्याकडचें 'राव' म्हणा. त्यांनीं प्राध्यापकांस कमरेंतून वांकून नमस्कार केला आणि त्या म्हणाल्या, "उचि नो" आणि पुढें आमचें नुसतें नांव. 'सान' नाहीं, मानाचें क्रियापद नाहीं. "आमचा अमका इतके दिवस आपल्या पदरीं होता. आपले फार उपकार झाले." शाळेंत मास्तरांपुढें मुलाची आई असेंच बोलते. प्राध्यापकांनीं उलट नमस्कार केला. त्यांना त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. आम्ही मात्र मागें उभे राहून त्या बोडक्या नांवाकडे ऐकतच राहिलों. त्या संध्याकाळीं माडीवर जाऊन आम्हीं बंधूंस पत्र लिहिलें, आणि पत्र संपल्यावर एकटेच असतांना 'चिचि' हा शब्द दोन-तीनदां उच्चारून पाहिला. तो आतां छीः छीः सारखा वाटला नाहीं.

बाई २००९ सालीं निवर्तल्या. घरांत आतां त्यांचा मुलगा व सून राहतात. शिन-ओसाकाहून ओकायामा शिंकान्सेननें पाऊण तासावर आहे, तेव्हां चिरंजीवांनीं ऑगस्टांत सुटी काढून तिकडे जावें असें आम्हीं बजावलें आहे. पत्ता लिहून दिला आहे, आणि भाजणीच्या डब्याशेजारीं चहाच्या मसाल्याची एक पुडी सूनबाईंसाठीं निराळी बांधून ठेवली आहे. गेंकानांत उभें राहून काय म्हणावें, असें त्यानें विचारलें. पहिल्या खेपेस 'ओजामा शिमासु'च म्हण, असें आम्ही सांगितलें.